दोनशे आयपी, एकच क्यू: अभ्यासिकेच्या नेटची वाटणी कशी करावी

सदाशिव पेठेतली सव्वाशे खुर्च्यांची एक अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. सकाळी सहाला उघडते आणि रात्री अकरापर्यंत भरलेली असते. प्रत्येकाजवळ फोन, बऱ्याच जणांजवळ शिवाय टॅब किंवा लॅपटॉप. लाइन ३०० एमबीपीएसची फायबर. एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली रेकॉर्डेड लेक्चर बघतात. ७२०पीच्या व्हिडिओला साधारण २.५ एमबीपीएस पुरतात, म्हणजे शंभर जणांनी एकाच वेळी बघितलं तरी लाइन पुरायला हवी. तरी रात्री आठला काउंटरवर तक्रार येतेच की नेट चालत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं: चार-पाच लॅपटॉपवर अपडेट किंवा मोठं डाउनलोड चालू असतं आणि ते एकेक डाउनलोड वीस-वीस कनेक्शन उघडून लाइन ओढत असतं. राउटरला माणूस दिसत नाही, त्याला फक्त पॅकेटं दिसतात. जो जास्त मागतो त्याला जास्त मिळतं.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक आयपीला, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक डिव्हाइसच्या पत्त्याला, मर्यादा घालणं. ती अशी घालायची की राउटर दमणार नाही आणि रोज नवा माणूस आला म्हणून रोज नवा नियम लिहावा लागणार नाही. पुण्यातल्या अभ्यासिका, मुलींची होस्टेलं, कर्वेनगर-कोथरूडकडचे पीजी अशा ठिकाणी मिक्रोटिक कंपनीचे राउटर पुष्कळ दिसतात, म्हणून सविस्तर कृती त्याचीच दिली आहे. लिनक्सवर करणाऱ्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे. आकडे इथे मराठीत छापले आहेत, राउटरमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक वापरायचे.

आधी भागाकार विसरा

नवा माणूस हमखास असा हिशेब करतो: लाइन ३००, डिव्हाइस १५०, म्हणून प्रत्येकाला २ एमबीपीएस. हे करू नका. दुपारी दोनला जेमतेम तीस जण बसलेले असताना प्रत्येकजण २ वरच अडकतो, २४० एमबीपीएस वाया जातात आणि लोक म्हणतात की लिमिट लावल्यापासून नेट बिघडलं. त्यांचं बरोबरच असतं.

खरं तर दोन वेगळी बंधनं हवीत. एक, कुणीही एकटा अमुक आकड्याच्या वर जाणार नाही. दोन, लाइन भरली की जेवढे त्या क्षणी वापरत आहेत तेवढ्यांत ती सारखी वाटली जाईल. मिक्रोटिकमधला पीसीक्यू नावाचा क्यू, म्हणजे पॅकेटांची रांग, ही दोन्ही कामं करतो. तो येणाऱ्या पॅकेटांची आयपीनुसार आपोआप लहान-लहान उपरांगांत विभागणी करतो. ज्या आयपीची पॅकेटं येतात तिच्यासाठी उपरांग तयार होते, येणं थांबलं की ती राहत नाही. कुणाचं नाव लिहायचं नाही, कुणाचं खोडायचं नाही.

याउलट प्रत्येक आयपीमागे एक सिंपल क्यू (ठरावीक पत्त्यांना मर्यादा घालणारा साधा नियम) टाकला तर काय होतं? सिंपल क्यूंची यादी क्रमाने तपासली जाते. हजार क्यू असतील तर शेवटच्या क्यूच्या पॅकेटाला आधीच्या ९९९ क्यूंशी ताडून बघावं लागतं, आणि हे प्रत्येक पॅकेटासाठी. डीएचसीपी लीजमध्ये, म्हणजे राउटरने डिव्हाइसला ठरावीक काळासाठी आपोआप दिलेल्या पत्त्याच्या नोंदीत, ‘रेट लिमिट’ नावाचा रकाना असतो. तो भरायला सोपा वाटतो, पण तोही आतून लीजमागे एक-एक सिंपल क्यूच तयार करतो. दहा-पंधरा डिव्हाइस असतील तर खुशाल वापरा. दोनशेला नको.

पहिली पायरी: लाइन मोजा

राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून स्पीड टेस्ट घ्या, वायफायवरून नाही. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री नऊ, असं तीन-चार दिवस करा. डाउनलोड आणि अपलोड वेगवेगळं लिहून ठेवा. जो आकडा सातत्याने मिळतो त्यातला कमीत कमी धरा आणि त्याच्या ९५ टक्के ही तुमची एकूण मर्यादा. ३०० मिळत असतील तर २८५.

हे पाच टक्के सोडायला बहुतेकांचा जीव होत नाही, पण त्यावरच सगळं उभं आहे. तुमची मर्यादा लाइनपेक्षा जास्त असेल तर गर्दी तुमच्या राउटरमध्ये होतच नाही, ती कंपनीच्या उपकरणात होते. तिथे रांगेत कोण पुढे, कोण मागे हे तुमच्या हातात नसतं. अरुंद जागा तुमच्या राउटरमध्येच असली पाहिजे.

दुसरी पायरी: पत्त्यांची सोय

सव्वाशे खुर्च्या आणि माणशी दोन डिव्हाइस म्हणजे २५० पत्ते. नेहमीच्या /२४ जाळ्यात (रेघेनंतरचा आकडा जाळ्याचा आकार सांगतो, आकडा लहान तितकं जाळं मोठं) वापरता येणारे पत्ते २५४, त्यातला एक राउटरचा. इतक्या काठावर राहू नका, कारण सकाळच्या बॅचचे फोन निघून गेले तरी त्यांची लीज संपेपर्यंत पत्ते अडकून राहतात आणि संध्याकाळी आलेल्याला पत्ताच मिळत नाही. १९२.१६८.१०.० /२३ घ्या, ५१० पत्ते मिळतात, म्हणजे १०.१ पासून ११.२५४ पर्यंत. हल्लीचे फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) वापरतात, त्यामुळे एकाच फोनची दोन नावं लीजच्या यादीत दिसली तर घाबरू नका.

ऑफिसचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांना वेगळं जाळं द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.२०.० /२४. पुढे काम फार सोपं होतं.

तिसरी पायरी: फास्टट्रॅक बंद करा

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. क्यू बरोबर टाकलेला असतो, आकडे बरोबर असतात, तरी लिमिट लागत नाही. मिक्रोटिकच्या मूळ सेटिंगमध्ये फायरवॉलच्या फिल्टर रूल्समध्ये ‘फास्टट्रॅक कनेक्शन’ हा एक नियम असतो. तो चालू कनेक्शनची पॅकेटं आडवाटेने थेट पुढे सोडतो आणि त्या वाटेवर सिंपल क्यू लागत नाहीत. फसवणूक अशी होते की थोडी पॅकेटं तरी नेहमीच्या वाटेने जातात, म्हणून क्यूच्या आकड्यांत काहीतरी हालचाल दिसते आणि आपल्याला वाटतं क्यू चालू आहे.

विनबॉक्समध्ये (मिक्रोटिकचं सेटिंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आयपी, मग फायरवॉल, मग फिल्टर रूल्स उघडा, तो नियम निवडून डिसेबल करा. आधीच फास्टट्रॅक झालेली कनेक्शनं तशीच चालू राहतात, म्हणून राउटर एकदा रीस्टार्ट करा. आता प्रत्येक पॅकेटावर राउटरला काम पडेल, तेव्हा टूल्समधलं प्रोफाइल उघडून गर्दीच्या वेळी प्रोसेसर किती भरतो ते बघा. सतत ८०-९० टक्क्यांवर राहत असेल तर लिमिटमध्ये खटपट करू नका, राउटर मोठा घ्या.

चौथी पायरी: दोन क्यू टाइप

क्यूजमध्ये क्यू टाइप्सच्या टॅबवर जा आणि दोन नवे प्रकार तयार करा, काइंड दोन्हीचं पीसीक्यू.

पहिला, नाव ‘डाउन-१५’. रेट १५ एमबीपीएस (एका आयपीची वरची मर्यादा), क्लासिफायरमध्ये (वाटणी कशावरून करायची त्या रकान्यात) फक्त डीएसटी, म्हणजे डेस्टिनेशन, अ‍ॅड्रेसवर खूण. दुसरा, नाव ‘अप-१५’. रेट १५ एमबीपीएस, क्लासिफायरमध्ये फक्त एसआरसी, म्हणजे सोर्स, अ‍ॅड्रेसवर खूण. मास्क ३२ आहे तोच ठेवा. पोर्टच्या दोन्ही खुणा रिकाम्याच राहू द्या.

ह्या खुणा उलट पडल्या तर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बाहेरून पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. डाउनलोडमध्ये पॅकेट सर्व्हरकडून मुलाच्या फोनकडे येतं, म्हणजे फोनचा पत्ता ‘डेस्टिनेशन’ असतो. तिथे चुकून ‘सोर्स’ निवडला तर वाटणी फोनवार न होता सर्व्हरवार होते. मग एकाच सर्व्हरवरून लेक्चर बघणारे साठ जण मिळून १५ एमबीपीएसमध्ये कोंबले जातात, आणि वीस ठिकाणांहून टॉरेंट ओढणाऱ्या एकट्याला वीस उपरांगा मिळतात. पोर्टवर खूण केली तर प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र उपरांग मिळते, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच डाउनलोड मॅनेजर पुन्हा जिंकतो.

आता लिमिट आणि टोटल लिमिट. ह्या दोन रकान्यांकडे कुणी बघत नाही आणि मोठ्या जागेत बिघाड नेमका इथून सुरू होतो. लिमिट म्हणजे एका उपरांगेत किती माल थांबू शकतो, मूळ आकडा ५० केआयबी (१ केआयबी म्हणजे १०२४ बाइट). टोटल लिमिट म्हणजे सगळ्या उपरांगा मिळून किती, मूळ आकडा २००० केआयबी. २००० भागिले ५० म्हणजे ४०. चाळीस उपरांगा भरल्या की कोठार भरलं. त्यानंतर येणारं पॅकेट टाकून दिलं जातं, मग ते जड डाउनलोडवाल्याचं असो किंवा नुसता मेल उघडणाऱ्याचं. चाळीस डिव्हाइसपर्यंत सगळं झकास, आणि पुढे गर्दीच्या वेळी सगळ्यांचंच अडखळतं, त्यामागे हेच असतं. २४० डिव्हाइससाठी २४० गुणिले ५०, म्हणजे टोटल लिमिट १२००० केआयबी ठेवा. दोन्ही बाजू धरून कोठारं पूर्ण भरली तरी चोवीस एमबीच्या आसपास मेमरी जाते. हेक्ससारख्या छोट्या राउटरमध्येही २५६ एमबी असते.

मग ५० केआयबीचाच आकडा वाढवू का? नको. उपरांग जितकी लांब तितका उशीर. १५ एमबीपीएसला ५० केआयबी रिकामी व्हायला २७ मिलिसेकंद लागतात. गर्दीत वाट्याला ५ एमबीपीएस आले तर ८२, आणि २ एमबीपीएस आले तर २०५ मिलिसेकंद. हाच आकडा २०० केआयबी केला तर २ एमबीपीएसवर पाऊण सेकंदाहून जास्त उशीर होईल आणि ऑनलाइन मुलाखतीचा सराव करणाऱ्याचा आवाज तुटत राहील.

पाचवी पायरी: क्यू

सिंपल क्यूजमध्ये एक नवा क्यू, नाव ‘एकूण’. टार्गेटमध्ये दोन्ही जाळी लिहा, १०.० /२३ वालं आणि २०.० /२४ वालं. मॅक्स लिमिट अपलोडला २८५ एमबीपीएस, डाउनलोडला २८५ एमबीपीएस. तुमचं अपलोड कमी असेल तर तो आकडा वेगळा. टार्गेट म्हणजे आपली आतली बाजू, बाहेरची लाइन टार्गेटमध्ये टाकू नका, नाहीतर अप आणि डाउनचे अर्थ उलटतील.

त्याच्या पोटात दोन क्यू. ‘विद्यार्थी’: टार्गेट १०.० /२३, पॅरेंट ‘एकूण’, लिमिट-अ‍ॅट २५०, मॅक्स लिमिट २८५, अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर क्यू टाइप अपलोडला ‘अप-१५’ आणि डाउनलोडला ‘डाउन-१५’. ‘ऑफिस’: टार्गेट २०.० /२४, पॅरेंट ‘एकूण’, लिमिट-अ‍ॅट ३०, मॅक्स लिमिट ६०. लिमिट-अ‍ॅट म्हणजे हमी. हमींची बेरीज पॅरेंटच्या मर्यादेपेक्षा कमी राहिली पाहिजे, इथे ती २८० आहे. पीसीक्यू पॅरेंटवर लावून उपयोग नाही, क्यू टाइप फक्त टोकाच्या क्यूवर लागू पडतो.

काहींनी जास्त फी भरून ३० एमबीपीएस घेतलेत, अशी योजना असेल तर तिसरा पोटक्यू करा, पण त्यांच्या आयपी त्यात एकेक लिहीत बसू नका. त्यांची एक अ‍ॅड्रेस लिस्ट करा. मँगलमध्ये (फायरवॉलमधली पॅकेटांवर खुणा करायची जागा) दोन नियम: पहिला, नवं कनेक्शन त्या लिस्टमधल्या आयपीकडून निघालं की कनेक्शनवर मार्क, पासथ्रू (पुढचे नियमही तपासू देणं) चालू. दुसरा, त्या मार्कच्या कनेक्शनच्या प्रत्येक पॅकेटावर पॅकेट मार्क, पासथ्रू बंद. यादीत शोधाशोध कनेक्शनमागे एकदाच होते, पॅकेटामागे नाही. मग तो पॅकेट मार्क नव्या क्यूमध्ये भरा, त्याचे पीसीक्यू प्रकार ३० चे करा आणि क्यू ‘विद्यार्थी’च्या वर ठेवा. हमीतला काही भाग त्याला द्या आणि ‘विद्यार्थी’चा तेवढाच कमी करा.

तपासणी

दोन लॅपटॉप घ्या, दोन्हीवर मोठी फाइल उतरवायला लावा. दोघांनाही १५ च्या आसपास मिळालं की वरची मर्यादा लागली. वाटणी तपासायची तर रात्री उशिरा ‘एकूण’ आणि पोटातल्या दोन्ही क्यूंची मॅक्स लिमिट तात्पुरती २० करा आणि हमी शून्यावर आणा. दोघांना दहा-दहा मिळायला हवेत. आता एकावर डाउनलोड मॅनेजर लावून सोळा कनेक्शन उघडा. तरी दहा-दहाच राहिले तर पीसीक्यू आयपीवार वाटतोय. नंतर आकडे पूर्ववत करायला विसरू नका.

विनबॉक्समध्ये क्यूचं चिन्ह हिरवं, पिवळं, लाल होतं. मर्यादेच्या ५० टक्क्यांपर्यंत हिरवं, ७५ पर्यंत पिवळं, पुढे लाल. लाल म्हणजे बिघाड नव्हे, लाइन वापरली जातेय एवढंच. क्यूच्या स्टॅटिस्टिक्समध्ये पीसीक्यू क्यूजची संख्याही दिसते. गर्दीच्या वेळी ती किती जाते ते आठवडाभर टिपा. १८० च्या वर कधीच गेली नाही तर टोटल लिमिट ९००० पुरेल.

आणि एक पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) राउटरकडे, एक बाहेर, दोन्ही वायफायवरून एकाच वेळी चालू ठेवा. राउटरकडचा पिंगच शंभर-दोनशे मिलिसेकंद दाखवत असेल तर दोष लाइनचा नाही आणि क्यूचाही नाही, वायफायचा आहे. पेठांमध्ये भिंतीला भिंत लागलेल्या इमारती, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन राउटर. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६, ११. शक्य तितकी डिव्हाइस ५ गिगाहर्ट्झवर न्या.

पळवाटा

स्वतःच आयपी भरणारे: कुणी हाताने पत्ता टाकून ऑफिसच्या किंवा ३० वाल्या यादीत घुसू शकतो. डीएचसीपी सर्व्हरमध्ये ‘अ‍ॅड एआरपी फॉर लीजेस’ चालू करा (एआरपी म्हणजे कुठला आयपी कुठल्या मॅक पत्त्याचा याची नोंद), सगळ्या डिव्हाइसना एकदा नव्याने लीज घेऊ द्या, आणि मगच ब्रिजचं (आतली पोर्ट जोडणाऱ्या इंटरफेसचं) एआरपी ‘रिप्लाय-ओन्ली’ करा. क्रम उलटा केलात तर सगळे एकदम तुटतील. हाताने पत्ता दिलेले अ‍ॅक्सेस पॉइंट आणि डीव्हीआर यांच्या एआरपी नोंदी आधी स्वतः करून ठेवा. हे काम सेफ मोड चालू करून आणि विनबॉक्सला आयपीऐवजी मॅक पत्त्याने जोडून करा, म्हणजे स्वतःच बाहेर फेकले जाणार नाही.

खोलीतला राउटर: होस्टेलमध्ये मुलं स्वतःचा राउटर लावतात. मग त्या खोलीतले चौघे तुम्हाला एकच आयपी म्हणून दिसतात आणि एकाच वाट्यावर भांडतात. त्यांना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून जोडायला सांगा. तंटा तिथेच मिटतो.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत; वरचे सगळे पत्ते जुन्या आयपीव्ही४ चे): क्यूचं टार्गेट आयपीव्ही४ चं जाळं असेल तर आयपीव्ही६ ची पॅकेटं त्यात बसतच नाहीत, बिनमर्यादा निघून जातात. शिवाय एक फोन एकाच वेळी कितीतरी आयपीव्ही६ पत्ते बाळगतो, त्यामुळे पत्त्यावार मर्यादा तिथे अर्धवटच लागते. सुरुवातीला आतल्या जाळ्यात आयपीव्ही६ देऊच नका, आधी हे बसवा.

लिनक्सवर करायचं असेल तर

जुन्या कॉम्प्युटरचा राउटर केला असेल तर टीसी हे वेग आवरायचं साधन आणि एचटीबी ही वर्गवार मांडणी. इथे प्रत्येक आयपीला एक क्लास करावा लागतो: ५१० क्लास, प्रत्येकाची हमी ५०० केबीपीएस, कमाल १५ एमबीपीएस, वर २८५ चा एक पॅरेंट. हमींची बेरीज २५५, म्हणजे बसते. स्क्रिप्टने हे क्षणात होतं. खरी मेख फिल्टरमध्ये, म्हणजे पॅकेट कुठल्या क्लासमध्ये टाकायचं ते ठरवणाऱ्या नियमांत, आहे. ५१० फिल्टर एकाखाली एक लिहिले तर प्रत्येक पॅकेटासाठी यादी वरून खाली चाळली जाते. यू३२ फिल्टरला हॅश टेबल करता येतं, २५६ खणांचं. खण निवडायचा तो पत्त्याच्या शेवटच्या आकड्यावरून. आयपी हेडरमध्ये (पॅकेटाच्या सुरुवातीच्या माहितीत) सोर्स पत्ता १२ व्या बाइटपासून आणि डेस्टिनेशन १६ व्या बाइटपासून सुरू होतो, तिथे शेवटच्या आठ बिटांचा मास्क लावा. /२३ मध्ये एका खणात जास्तीत जास्त दोनच पत्ते येतात. पाचशेऐवजी दोन तुलना, एवढा फरक.

क्लासचा क्रमांक सोळाच्या पायावर वाचला जातो आणि त्याला चारच अंक चालतात. म्हणून ११ आणि २५४ जोडून ११२५४ असा क्रमांक दिला की आदेश चुकतो. स्क्रिप्टमध्ये एक ते ५१० अशी साधी मोजणी ठेवा.

टोकाच्या क्लासला काही जोडलं नाही तर इंटरफेसच्या रांगेच्या लांबीची साधी रांग मिळते, नेटवर्क कार्डावर ती सहसा १००० पॅकेटांची असते. दीड हजार बाइटच्या हजार पॅकेटांना ५ एमबीपीएसवर २.४ सेकंद लागतात. प्रत्येक क्लासखाली एफक्यू-कोडेल (उशीर आवरणारी रांग) जोडा. अपलोड बाहेरच्या कार्डावर मोजू नका, तिथे नॅट (आतल्या पत्त्यांच्या जागी राउटरचा पत्ता लावणं) होऊन सगळ्यांचा पत्ता एकच झालेला असतो. आतल्या कार्डावर येणारी पॅकेटं आयएफबी नावाच्या आभासी कार्डाकडे वळवून तिथे मोजा.

आणि डिफॉल्ट क्लास, म्हणजे कुठल्याच फिल्टरमध्ये न बसलेल्या पॅकेटांचा. तो दिलाच नाही तर यादीबाहेरचं पॅकेट बिनमर्यादा सुटतं. म्हणून काहीजण डिफॉल्टला १ केबीपीएस देऊन टाकतात. पण एआरपीची पॅकेटंही कुठल्या आयपी फिल्टरमध्ये बसत नाहीत, ती त्याच डिफॉल्टमध्ये अडकतात, आणि काही मिनिटांत सगळं जाळं ठप्प होतं. डिफॉल्टला निदान १ एमबीपीएस द्या.